फूटपट्टीचं लॉक

सकाळी साडेसातला सर्व्हरवालीच्या हातून तिची लेक निसटली. अडीच वर्षांचं वय, अंगभर साबण आणि आंघोळीशी जन्मजात वैर. आईने एक तळवा छातीवर, एक पाठीवर टेकवून तिला मधोमध धरून ठेवलं होतं, पण तोंडावर पाणी आल्याबरोबर पोरीने असा हिसका दिला की ती थेट बादलीच्या पलीकडे. मग रडारड, मग पाठलाग, मग पुन्हा तीच दोन तळव्यांची पकड. सासूबाई दारात टॉवेल घेऊन उभ्या होत्या.

"तुझ्या सर्व्हरांना आंघोळ घालावी लागत नाही ते बरंय," त्या म्हणाल्या. "नाहीतर त्यांनीही अख्खी बिल्डिंग गोळा केली असती."

"सर्व्हर निदान चावत नाहीत, आई." दंडावर उमटलेले चार दात दाखवून तिने ओली लेक टॉवेलात टाकली, कामाची पिशवी खांद्याला अडकवली आणि बाहेर पडली.

ती लोकांचे सर्व्हर दुरुस्त करायची. नोकरी सोडून दोन वर्षं झाली होती, आता स्वतःच स्वतःची मालकीण, आणि गिऱ्हाइकांच्या फोनमध्ये तिचा नंबर 'सर्व्हरवाली' म्हणूनच साठवलेला असायचा. तिचे दोन नियम होते. तोंडी काम घ्यायचं नाही, हा पहिला. गिऱ्हाइकाची फाइल उघडायची नाही, हा दुसरा. फाइल का उघडत नाही ते शोधायचं. आत काय आहे त्याच्याशी आपलं देणंघेणं नाही. पोस्टमन काय पत्रं वाचतो? या दुसऱ्या नियमाचा तिला जरा जास्तच अभिमान होता, आणि खरं सांगायचं तर त्यात तिची सोयही होती. जे वाचलंच नाही त्याची जबाबदारी कोणी मागत नाही.

त्या दिवशीचं गिऱ्हाईक म्हणजे लोखंडी कठड्यांचा कारखाना. जिन्यांचे, गॅलऱ्यांचे, गच्च्यांचे कठडे. थोरल्या भावाने तो उभा केला होता, आणि थोरले आजारपणामुळे घरी बसल्यावर धाकट्याने त्याला काचेची केबिन जोडली होती. कारखान्यात सगळे त्यांना 'धाकटे' म्हणत, समोर अर्थात 'साहेब'.

"भूत आहे, मॅडम," धाकटे म्हणाले. ते हसत नव्हते.

"कुठे?"

"सर्व्हरमध्ये."

भुताची हकिगत अशी. कारखान्याचं प्रत्येक ड्रॉइंग एका सर्व्हरवर राहतं. कोणी, कधी, काय बदललं हे तो सर्व्हर लक्षात ठेवतो आणि जुनं कुठलंही रूप मागितलं की काढून देतो. पण दोघांनी एकाच वेळी एकाच ड्रॉइंगमध्ये हात घातला तर एकाच्या कामावर दुसऱ्याचं काम चढणार. म्हणून ज्याला बदल करायचा त्याने आधी ड्रॉइंगला लॉक लावायचं. लॉक लागलं की बाकीच्यांनी फक्त बघायचं. काम जमा केलं की लॉक सुटतं. लावणारा विसरून घरी गेला तर अॅडमिन ते तोडू शकतो. आजवर या व्यवस्थेने कोणालाही त्रास दिला नव्हता.

आता मात्र एका ड्रॉइंगने सगळ्यांच्या नाकीनऊ आणले होते. ते होतं एका शाळेच्या जिन्याच्या कठड्याचं. धाकट्यांना त्यात बदल करून हवा होता आणि त्याच्यावर लॉक होतं. कोणाचं? फूटपट्टीचं. फूटपट्टी म्हणजे इथले जुने ड्राफ्ट्समन. बत्तीस वर्षं शर्टाच्या खिशात सहा इंची पोलादी पट्टी घेऊन वावरले, आणि आठ महिन्यांपूर्वी निवृत्त होऊन लेकीकडे राहायला गेले.

"अकरा वेळा तोडलं," धाकटे म्हणाले. "अकराही वेळा परत लागलं. त्यांच्याच नावाने."

"एकदा तर लॉक मला मिळालं होतं," कोपऱ्यातल्या टेबलावरून नवा ड्राफ्ट्समन म्हणाला. त्याला सगळे दाढीवाला म्हणत. दाढी होतीच तेवढी. "बदल केला, जेवायला गेलो, परत येऊन जमा करायला लागलो तर माझं लॉक हिसकावलेलं. कामही गेलं आणि जेवणही अंगी लागलं नाही."

"त्यांना फोन केलात?"

"केला ना!" धाकट्यांचा आवाज चढला. "म्हणाले, गुडघा बदलून पलंगावर पडलोय, मी कशाला तुमची कुलपं लावत फिरू? आणि हसले. बत्तीस वर्षांत तो माणूस कधी हसलेला नाही, मॅडम."

"मग त्यांचं खातं बंद करायचं."

"तेही केलं. दहा मिनिटांत खाली कटिंग मशीन ठप्प. खातं चालू केलं, मशीन चालू. म्हणून तर भूत म्हणतोय."

सर्व्हरवालीने पिशवीतून कामाचा फॉर्म काढला आणि पेन पुढे केलं. धाकट्यांना लेखी द्यायला आवडायचं नाही, पण त्या दिवशी ते इतके पेटले होते की स्वतःच खरडायला बसले. पहिलं काम, फूटपट्टीचं लॉक काढणे. दुसरं, इथून पुढे जो कोणी कुठल्याही लॉकला हात लावेल, लावायला असो की तोडायला, त्याचं खरं नाव आणि कारण नोंदल्याशिवाय ते होता कामा नये. तिसरं, हा चावटपणा कोण करतंय त्याचं नाव. खाली त्यांनी सही ठोकली, ती कागदाच्या मागच्या बाजूलाही उमटली.

"आज चारपर्यंत हवंय," ते म्हणाले. "उद्या सकाळी कटिंग सुरू करायचंय."

तिला दाढीवाल्याच्या शेजारचं टेबल मिळालं. पडद्याच्या बाजूला चिकटवलेल्या चिठ्ठीवर 'अॅडमिन' आणि त्याखाली पासवर्ड लिहिलेला होता. म्हणजे आजवर लॉक कोणी तोडलं याचं उत्तर कायम एकच, अॅडमिनने; आणि अॅडमिन म्हणजे खोलीत येणारा कोणीही. तिने मनातल्या मनात कपाळावर हात मारला आणि कामाला लागली.

लॉक शिळं आहे का, हे तिने आधी तपासलं. पुष्कळदा जुनंच लॉक कुठल्यातरी कोपऱ्यात लटकून राहतं आणि लोक त्याला नवं समजतात. पण इथे प्रत्येक लॉकची वेळ वेगळी, ताजी. शेजारी शेरा प्रत्येक वेळी तोच: काम चालू आहे. मग तिला वाटलं, एखादी आपोआप चालणारी आज्ञा असेल, फूटपट्टी जाताना लावून गेले असतील. तसं असतं तर वेळांमध्ये काही हिशोब दिसला असता. तिने अकराही वेळा एका कागदावर उतरवल्या. नऊ बारा. अकरा चाळीस. तीन पाच. एक चाळीस. सुट्टीच्या दिवशी एकही नाही. साडेपाचनंतर एकही नाही. आणि एक ते दीडच्या मध्ये, एवढ्या दिवसांत, एकदाही नाही.

"जेवायची सुट्टी कधी असते तुमची?" तिने दाढीवाल्याला विचारलं.

"आमची दीड ते दोन. खालच्यांची एक ते दीड."

"आणि तुमचं लॉक हिसकावलं गेलं ते एक चाळीसला."

दाढीवाल्याने तिच्याकडे बघितलं, मग जमिनीकडे बघितलं. खालून ग्राइंडरचा आवाज येत होता. भूत खालच्यांच्या घंटेवर जेवतं हे दोघांच्याही एकदमच लक्षात आलं, पण दाढीवाला मान पडद्यात घालून बसला.

तिने खात्रीसाठी लॉक तोडलं आणि सर्व्हरच्या नोंदी उघडून वाट बघत बसली. चहा आला, निवला. पस्तीस मिनिटांनी नवी ओळ उमटली. फूटपट्टीचं नाव, काम चालू आहे, आणि मागणी कुठून आली त्या कॉम्प्युटरचा पत्ता. तो कॉम्प्युटर खालचा होता, कटिंग मशीनला जोडलेला. मग सगळं उलगडलं. मशीन बसवलं त्या दिवशी त्याला ड्रॉइंग वाचायला एक खातं हवं होतं. फूटपट्टींनी आपलंच नाव आणि पासवर्ड टाकून दिला, तात्पुरता म्हणून. जगातले निम्मे कारखाने 'तात्पुरता' या शब्दावर चालतात. फूटपट्टी निवृत्त झाले, पण मशीनच्या पोटात ते अजून नोकरीवर होते. म्हणून खातं बंद केलं की मशीन बंद, आणि मशीनसमोर बसलेला कोणीही फूटपट्टी होऊ शकत होता.

छडा लागला होता. उपाय पाच मिनिटांचा होता. पण तिसऱ्या कामासाठी नाव हवं होतं, म्हणून ती खाली गेली.

खाली लोखंड कापल्याचा आणि तांबड्या रंगाचा वास भरून होता. कटिंग मशीनच्या कॉम्प्युटरला लागून तपासणीचं लांब टेबल होतं आणि टेबलाशी पन्नाशीची एक बाई, हातात काळाभोर लाकडी चेंडू घेऊन. ती कठड्याच्या दोन गजांमध्ये चेंडू टेकवायची, तळव्याने दाबायची, आणि तो अडला की पुढच्या फटीकडे जायची. चेंडू बरोबर शंभर मिलिमीटरचा. कारखान्यात त्याला 'बाळ्या' म्हणत आणि त्या बाईला 'बाळ्याची आई'. बाळ्या जिथून निसटेल तो कठडा रद्द, मग तो थोरल्यांनी स्वतः जोडलेला का असेना.

"तूच ना सर्व्हरवाली?" मान वर न करता ती म्हणाली. "ये. बारा झाले म्हटल्यावर कोणीतरी येणार, वाटलंच होतं मला."

"तुम्ही मोजताय, मावशी?"

"मोजायचाच पगार घेते मी."

सर्व्हरवालीची सगळी तयारी फुकट गेली. आडून आडून विचारायचं, चाचपून बघायचं, मग पकडायचं, असं बरंच काही ती जिन्यात ठरवत आली होती. समोरची बाई तर काही लपवतच नव्हती.

"उजवं बटण, मग लॉक, मग दुसऱ्याचं असलं तरी घ्या," मावशीने सांगितलं. "फूटपट्टींनी शिकवलं जाताना. म्हणाले, धाकट्यांचा डोळा गजांवर आहे, मावशी, हे ड्रॉइंग सांभाळा. मला त्यातलं एवढंच येतं. तीन टिचक्या. पण पुरतात."

"आणि 'काम चालू आहे' लिहिता?"

"मग? बंद आहे का माझं काम?"

"मावशी, मी फाइलीच्या आत बघत नाही. माझा नियम आहे तसा. मला फक्त..."

"नको बघूस आत. बाहेर बघ." मावशीने टेबलाचा खण ओढला आणि दुसरा चेंडू काढला. पांढरा, नवाकोरा, लाकडाचा वास अजून गेलेला नव्हता. तो बाळ्यापेक्षा चांगलाच मोठा होता. "हा धाकट्यांनी करून आणलाय. सव्वाशेचा. जुना लहान पडतो म्हणाले. कठडा बाळ्याला अडवत नाही ना, मग बाळ्यालाच मोठं करा! तीन आठवडे सांगतेय मी त्यांना, शाळेचं काम आहे, चार-चार वर्षांची पोरं आहेत, तीन मजले आहेत. म्हणतात, मावशी, एका कठड्यामागे दोन गज वाचतात, तुम्ही तुमचा चेंडू फिरवा."

भिंतीला नमुन्याचा एक कठडा टेकवलेला होता, सव्वाशेच्या अंतराने गज लावलेला. "हात घाल," मावशी म्हणाली.

सर्व्हरवालीने दोन्ही हात गजांमध्ये घातले. काय करायचं ते न कळून तिने तळवे उघडले. एक डावीकडच्या गजाला टेकला, एक उजवीकडच्या. आणि ते माप तिच्या हातांनी ओळखलं. सकाळी साडेसातच्या आंघोळीचं माप. साबणाने बुळबुळीत झालेली छाती इकडे, पाठ तिकडे, आणि मध्ये वळवळणारी लेक. तेवढंच. जरा सैलच.

"डोकं अडकेल ना पण?" ती म्हणाली.

"डोकं अडकेल. धड आधी जातं, डोकं मागं राहतं. ते जास्त वाईट." मावशीने एवढंच सांगितलं आणि पुढच्या फटीत बाळ्या दाबला.

सर्व्हरवाली घाबरली. हात काढून तिने ओढणीला पुसले, तरी ते माप काही जाईना. आणि मग तिला राग आला, तळपायापासून वरपर्यंत, आणि सगळ्यात आधी स्वतःचाच. म्हणे पोस्टमन पत्र वाचत नाही! दोन वर्षांत तिने अशी किती कुलपं काढून दिली असतील, आत काय आहे ते न बघता, वर हसून आभार मानून? तिला एकही आठवेना, कारण तिने बघितलंच नव्हतं. तिने मशीनच्या कॉम्प्युटरवरचं ते ड्रॉइंग उघडलं. नियम मोडायला एक टिचकी पुरली. गजांमधलं अंतर: १००. खाली कोपऱ्यात फूटपट्टींची टीप: याच्या वर नाही.

"मावशी, माझ्याकडे तुमचं नाव मागितलंय त्यांनी."

"मग दे की."

"कामावरून काढतील तुम्हाला."

बाळ्या टेबलावर ठेवून मावशीने पहिल्यांदा तिच्याकडे नीट बघितलं. "हे बघ, मी काही चोरी नाही केली. दुसऱ्याच्या नावाआड लपायची मला हौस नव्हती. बावीस वर्षं या कारखान्यातून बाहेर पडणाऱ्या एकेका कठड्यावर मी सही करते, आणि या तुमच्या डब्यात माझं नावच नाही. वर दाढीवाला परवा आला, त्याला पहिल्या दिवशी खातं. मला कोणी विचारलं? विचारलं असतं तर माझ्याच नावाने लावलं असतं."

सर्व्हरवालीने पिशवीतून फॉर्म काढला आणि दुसरं काम पुन्हा वाचलं. जो कोणी लॉकला हात लावेल त्याचं खरं नाव आणि कारण. खाली सही. वाचता वाचता तिला हसू यायला लागलं.

"काय झालं?"

"काही नाही. साहेबांनी सांगितलंय तस्संच करायचं, मावशी. अक्षरन्‌अक्षर."

पुढचे तीन तास तिने मान वर केली नाही. मशीनला स्वतःचं खातं दिलं, ड्रॉइंग वाचण्यापुरतं, लॉक लावण्याची ताकद नसलेलं. फूटपट्टींचं खातं बंद केलं. मशीन चालूच राहिलं. चिठ्ठीवरचा अॅडमिन काढून टाकला आणि त्याच्या जागी तोडण्याचा हक्क एकाच माणसाला दिला, धाकट्यांना, त्यांच्या स्वतःच्या पूर्ण नावाने आणि त्यांच्या फोनवर येणाऱ्या त्यांच्याच पासवर्डने. मग सर्व्हरच्या दाराशी एक छोटी चौकट बसवली. लॉक लावताना किंवा तोडताना ती दोन प्रश्न विचारायची, नाव आणि कारण. दोन्ही रकाने भरल्याशिवाय दार उघडायचं नाही, आणि भरलेलं ड्रॉइंगच्या इतिहासात राहायचं. फूटपट्टींचं लॉक तेवढं तोडायचं राहिलं होतं. ते तिने मुद्दाम चौकट बसवल्यावर तोडलं आणि रकान्यात स्वतःचं नाव लिहिलं. कारण: मालकांच्या लेखी आदेशावरून. तेवढ्यापुरता ठेवलेला तोडण्याचा आपला हक्कही मग तिने काढून टाकला.

सगळ्यात शेवटी तिने मावशीचं खातं उघडलं आणि खुर्ची मागे सरकवली. "बसा. तुम्हीच लावायचं."

मावशीने एका बोटाने आपलं नाव टाइप केलं. स्वतःचं, वडिलांचं, मग आडनाव, एकेक अक्षर शोधत. कारणाच्या रकान्यापाशी ती थोडी थांबली आणि मग न थांबता लिहीत गेली. 'अंतर १२५ केलं तर चार वर्षांच्या मुलाचं धड आरपार जाईल. मी मोजलंय.' ड्रॉइंगपुढे लहानसं कुलूप उमटलं. मावशी त्याच्याकडे बराच वेळ बघत राहिली.

"छान दिसतं नाही?" ती म्हणाली.

चारला पाच कमी असताना सर्व्हरवाली वर गेली. धाकटे दाढीवाल्याच्या खुर्चीमागे उभेच होते.

"निघालं लॉक?"

"निघालं. मशीनही चालू आहे. फूटपट्टींचं भूत आता कधी येणार नाही."

"शाब्बास! घे रे, उघड ते ड्रॉइंग."

दाढीवाल्याने उघडलं. उघडलं आणि तसाच बसला. "लॉक आहे, साहेब."

"परत?"

"फूटपट्टींचं नाही. मावशींचं आहे. बाळ्याच्या..." त्याने घसा साफ केला. "पूर्ण नाव आहे. कारणही आहे."

"तिसरं काम," सर्व्हरवाली म्हणाली. "तुम्हाला नाव हवं होतं. लॉकवरच लिहिलंय."

धाकट्यांनी वाकून वाचलं. त्यांचे कान लाल झाले. "ही बाई! ही बाई मला शिकवणार? आत्ताच्या आत्ता घरी पाठवतो तिला!"

"पाठवा. पण माणूस घरी गेल्याने लॉक जात नाही, साहेब. ते तर फूटपट्टींच्या बाबतीत तुम्ही बघितलंय."

"मग तोडा!"

"मला आता तोडता येत नाही. तो हक्क फक्त तुम्हाला दिलाय. इथे टिचकी मारा."

त्यांनी दाढीवाल्याला उठवलं, खुर्चीत बसले, फोनवर आलेला पासवर्ड टाकला आणि टिचकी मारली. चौकट आली. नाव. कारण. वर मावशीची ओळ दिसत होती, चार वर्षांच्या मुलाचं धड आरपार जाईल, आणि बरोबर तिच्याखाली धाकट्यांसाठी रिकामी जागा.

"हे काय आहे?"

"तुमच्याच हस्ताक्षरात आहे ते. दुसरं काम." तिने फॉर्म टेबलावर ठेवला. "खरं नाव आणि कारण."

"नंतर पुसता येईल ना?"

"येईल. पुसणाऱ्याचंही नाव येईल."

धाकट्यांनी आपलं नाव लिहिलं. ते त्यांना सोपं गेलं. ते नाव कारखान्याच्या फाटकावरही होतं. मग कारणाच्या रकान्यात त्यांनी लिहिलं, 'दोन गज'. तेवढं लिहून थांबले. दोन्ही ओळी एकाखाली एक, मावशीची आणि त्यांची. त्यांनी 'दोन गज' खोडलं. 'तांत्रिक कारण' लिहिलं. तेही खोडलं.

"तू लिही रे," ते दाढीवाल्याला म्हणाले. "तुझं नाव टाक, तू ड्राफ्ट्समन आहेस."

दाढीवाल्याने दोन्ही हात पँटच्या खिशात घातले. "मी नाही, साहेब."

"काय?"

"मी नाही लिहिणार." त्याचे हात काही बाहेर आले नाहीत.

धाकट्यांनी तिघांकडे आळीपाळीने बघितलं, दाढीवाल्याकडे, सर्व्हरवालीकडे आणि पडद्याकडे. मग चौकट बंद केली. त्यांचं भरलेलं नाव तिच्याबरोबर नाहीसं झालं. कुलूप होतं तिथेच राहिलं.

"तुम्हाला पुन्हा बोलावणार नाही मी, मॅडम."

"नका बोलावू. तिन्ही कामं झालीत. इथे सही तेवढी करा."

त्यांनी केली नाही. तिने फॉर्म उचलला, घडी घातली आणि जिना उतरली. एवढं मोठं गिऱ्हाईक हातचं गेलं होतं आणि घरी सासूबाईंना काय सांगायचं ते ठरलं नव्हतं, तरी तिची पावलं हलकी पडत होती.

खाली मावशी आपल्या टेबलाशी होती. "तोडलं?"

"नाही. जमलं नाही त्यांना."

मावशीने मान हलवली, जणू शंभराचं माप शंभर आलं. मग खण उघडून तिने पांढरा चेंडू काढला आणि सर्व्हरवालीच्या पिशवीत टाकला. "दंडावरचे दात बघितलेत मी, घरी लहान पोर आहे ना? ने खेळायला. इथे याचं काही काम नाही."

"उद्या तुमच्यावर येईल हे, मावशी."

"येऊ दे. माझं नाव कुठे लपलंय?"

फाटकावरच्या पहारेकऱ्याने नेहमीप्रमाणे पिशवी उघडून बघितली आणि चेंडू वर काढला. कारखान्याची वस्तू बाहेर न्यायची तर वहीत नोंद करावी लागते, असं त्याने सांगितलं. वही पुढे सरकवली, पेन दिलं आणि नाव व कारण या दोन रकान्यांवर बोट ठेवलं.

सर्व्हरवालीने पहिल्या रकान्यात आपलं नाव लिहिलं, वडिलांच्या नावासकट, पूर्ण. दुसऱ्यात लिहिलं: मोठा आहे.